मित्रांच्या कंपनीचा करार आधी मराठीत लिहावा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

व्यवस्थापनाची पदवी घेतलेली आमच्या सीमाभागातील काही मुले नोकरीसाठी पुण्या-बेंगळूरची वाट धरण्याऐवजी वर्गातल्याच मित्रांना सोबत घेऊन बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या आपल्या भागात कंपनी काढण्याचा विचार करू लागली आहेत, याचा मला मनापासून आनंद वाटतो. मी स्वतः बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत तीसेक वर्षे यंत्रकामाचे छोटे युनिट चालवत आलो आहे आणि माझ्या धंद्याची सुरुवातही वर्गमित्रांबरोबरच झाली होती. मित्रांनी एकत्र धंदा करू नये, असे सांगण्यासाठी हे पत्र नाही. धंद्यात पहिला रुपया पडण्यापूर्वी त्यांनी एकत्र बसून, कोण काय करणार, कुणाचा किती हिस्सा आणि कुणी बाहेर पडला तर पुढे काय, हे स्वतःला आणि घरच्यांना वाचता येईल अशा भाषेत लिहून काढावे, एवढीच माझी कळकळीची विनंती आहे.

गेल्या महिन्यात माझा भाचा आणि त्याचे तीन वर्गमित्र माझ्याकडे आले होते. चौघांचे नुकतेच एमबीए झाले आहे. दोघे बेळगावचे, एक निपाणीचा आणि एक मुलगी चंदगड तालुक्यातली. चंदगड-खानापूर पट्ट्यातील काजूबी घेऊन, तिच्यावर प्रक्रिया करून काजूगर स्वतःच्या नावाने विकायचे, असा त्यांचा बेत आहे. त्यांचा प्रकल्प अहवाल मी वाचला आणि तो उत्तम होता. बाजारपेठ, स्पर्धक, पाच वर्षांचा नफा-तोटा, सगळे व्यवस्थित मांडलेले होते. कंपनीचे कागद मात्र इंटरनेटवरील एका इंग्रजी नमुन्यावरून उतरवलेले होते आणि त्यात चौघांचे पंचवीस-पंचवीस टक्के, यापलीकडे त्यांच्या स्वतःच्या विचाराची एक ओळ नव्हती. मी विचारले, तुमच्यापैकी एकाला दीड वर्षाने बेंगळूरला चांगली नोकरी लागली तर त्याच्या पंचवीस टक्क्यांचे काय करणार? चौघे एकमेकांकडे पाहून हसले आणि भाचा म्हणाला, "मामा, आमच्यात तसं कुणी नाही." १९९४ साली हेच वाक्य मी माझ्या वडिलांना ऐकवले होते.

आम्ही तिघे कोल्हापूरला व्यवस्थापनाच्या वर्गात एका बाकावर बसणारे आणि एका खोलीत राहणारे मित्र होतो. शिक्षण संपल्यावर आम्ही उद्यमबागेत एक शेड भाड्याने घेतली, दोन जुने लेथ बसवले आणि फौंड्रीतून येणाऱ्या व्हॉल्व्हच्या कास्टिंगवर टर्निंग-ड्रिलिंगचे जॉबवर्क सुरू केले. एका मित्राच्या वडिलांनी ऐंशी हजार रुपये दिले, दुसऱ्याच्या ओळखीने पहिली कामे मिळाली आणि कॅश क्रेडिटसाठी, म्हणजे खेळत्या भांडवलाच्या बँक कर्जासाठी, माझ्या वडिलांचे राहते घर बँकेकडे तारण गेले. भागीदारीपत्र आम्ही कोर्टाच्या आवारात एका टंकलेखकाकडून अर्ध्या तासात करून घेतले. त्याच्याकडे इंग्रजी मजकूर तयारच होता. त्याने आमची नावे आणि पत्ते घातले, आम्ही न वाचता सह्या केल्या आणि तिथूनच चहाला गेलो.

त्या वर्षीच्या दिवाळी पाडव्याला वहीपूजन केले, तेव्हा नव्या रोजकीर्दीच्या, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीच्या, पहिल्या पानावर तिघांनीही आपापल्या हाताने 'श्री' लिहिला. ती वही मी अजून जपून ठेवली आहे. पहिल्या वर्षाच्या पानांवर तीन हस्ताक्षरे आलटून पालटून दिसतात, एक तिरपे, एक मोठे ठसठशीत आणि एक माझे बारीक. १९९६ च्या उन्हाळ्यानंतर तिरपे अक्षर कुठेच आढळत नाही, कारण तो मित्र पुण्यात नोकरीला लागला. पुढच्या वर्षी ठसठशीत अक्षर फक्त महिनाअखेरीस दिसते. त्यानंतरच्या वह्या एकाच हाताच्या आहेत.

पुण्याचा मित्र दर पाडव्याला येई, पूजेला बसे आणि नफ्याचा तिसरा हिस्सा घेऊन जाई. त्याने लबाडी केली असे मी आजही म्हणणार नाही, कारण कागदावर तसेच लिहिलेले होते. रात्री वीज असेल त्या वेळी लेथवर मी उभा राहत असे आणि त्याचा वेगळा पगार मला नव्हता. कायदा माझ्या बाजूने असेल अशा समजुतीने मी वकिलांकडे गेलो, तेव्हा त्यांनी १९३२ च्या भारतीय भागीदारी कायद्याचे १३ वे कलम माझ्यापुढे ठेवले. करारात वेगळे काही ठरलेले नसेल तर भागीदाराला धंद्यात केलेल्या कामाबद्दल मोबदला मागता येत नाही, नफा-तोटा सर्वांनी समान वाटून घ्यायचा, आणि ठरलेल्या भांडवलाहून जास्त पैसे कुणी घातले असतील तर त्यावर त्याला वर्षाला ६ टक्के व्याज मिळते. त्या काळात आमच्या कॅश क्रेडिटचे व्याज त्याच्या दुपटीहून अधिक होते. म्हणजे आम्ही जे लिहिले नाही, ते कायद्याने आमच्यासाठी आधीच लिहून ठेवले होते, आणि ते आमच्या परिस्थितीला जराही जुळणारे नव्हते.

आणखी एक घाव नोंदणीचा बसला. एका ग्राहकाकडे आमची मोठी रक्कम अडकली आणि दावा लावायचे ठरले, तेव्हा कळले की याच कायद्याच्या ६९ व्या कलमाप्रमाणे नोंदणी न केलेल्या भागीदारी संस्थेला करारातून आलेली वसुली कोर्टात मागता येत नाही. आधी नोंदणी करून मग दावा लावता आला असता. पण नोंदणीच्या अर्जावर सर्व भागीदारांच्या सह्या लागतात आणि तोवर आम्ही तिघे एका खोलीत बसायला तयार नव्हतो. १९९९ साली रजिस्टर पोस्टाने भागीदारी विसर्जनाची नोटीस आली. मुदत न ठरवलेली भागीदारी कोणताही भागीदार लेखी नोटीस देऊन संपवू शकतो, हेही मला त्या पाकिटामुळेच समजले. तारण ठेवलेले घर मी २००४ साली सोडवले. वडील त्या आधीच गेले होते.

आपल्या दैनिकात आतल्या पानांवर जाहीर नोटिसा छापून येतात, अमुक भागीदार अमुक तारखेपासून निवृत्त झाला असून यापुढे त्याचा संस्थेशी संबंध नाही, अशा मजकुराच्या. बहुतेक वाचक त्यावरून नजर फिरवतात, मी मात्र प्रत्येक नोटीस वाचतो. बाहेर पडलेल्या भागीदाराने अशी जाहीर सूचना दिली नाही, तर पुढे संस्थेने केलेल्या देण्यांची जबाबदारी त्याच्यावरही येऊ शकते. म्हणूनच नोंदणीकृत संस्थेच्या बाबतीत ही सूचना भागीदारी संस्थांच्या निबंधकाकडे, राजपत्रात आणि त्या जिल्ह्यात खपणाऱ्या किमान एका देशी भाषेतील वर्तमानपत्रात द्यावी, असे कायद्यात म्हटले आहे. १९३२ साली हा कायदा करणाऱ्यांना एवढे नक्की ठाऊक होते की धंद्यातील माणसे आपापल्या भाषेतले वर्तमानपत्र वाचतात. मग भागीदारी सुरू होताना तोच कागद त्या माणसांच्या भाषेत का नसावा, हा प्रश्न मला बरीच वर्षे पडलेला आहे.

मुलांनी माझी हकीकत शांतपणे ऐकून घेतली, पण आपण भागीदारी करत नसून प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढत आहोत, तेव्हा हे धोके आपल्याला नाहीत, असे त्यांचे म्हणणे पडले. यात थोडेसेच खरे आहे. कंपनीची देणी भागधारकाच्या घरापर्यंत सहसा येत नाहीत, हे बरोबर. पण मित्रांमधील वाद कंपनीत अधिक किचकट होतो. चौघांचे समान हिस्से असले आणि दोन विरुद्ध दोन अशी मते पडली, तर सभा तिथेच अडते. कंपनी कायद्यासोबतचा नियमावलीचा नमुना जसाच्या तसा स्वीकारला, तर समान मते पडल्यावर संचालक मंडळाच्या अध्यक्षाला जादा मत मिळते, म्हणजे ज्या मित्राला केवळ मानासाठी अध्यक्ष केले त्याच्या हाती खरा निर्णय जातो. उलट तिघे एका बाजूला झाले तर त्यांची मते नेमकी पंचाहत्तर टक्के होतात, आणि विरोधी मतांच्या तिप्पट मते पुरेशी असल्यामुळे विशेष ठराव करून ते कंपनीची नियमावलीच बदलू शकतात. साध्या बहुमताने ते चौथ्याला संचालकपदावरूनही काढू शकतात. पण त्याचे शेअर त्याच्याकडेच राहतात, आणि दहा टक्क्यांहून अधिक शेअर असल्यामुळे अन्यायाची तक्रार घेऊन तो राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात जाऊ शकतो, ज्याचे आपल्यासाठीचे खंडपीठ बेंगळूरला आहे. काजूगराच्या एका शेडसाठी बेळगावहून बेंगळूरला तारखांना जाणे कुणाला परवडणार आहे?

यावर उपाय आहेत आणि ते अवघडही नाहीत. नव्या कंपन्यांत आता अशी रीत पडली आहे की संस्थापकांचा हिस्सा पहिल्याच दिवशी पुरा त्यांचा होत नाही, तो साधारण चार वर्षांत पिकत जातो. पहिले वर्ष पुरे होण्याआधी निघून जाणाऱ्याला काही मिळत नाही आणि त्यानंतर जितके महिने काम केले तितका हिस्सा त्याचा होतो. उरलेला हिस्सा राहणाऱ्यांनी कोणत्या भावाने परत घ्यायचा, हेही आधीच लिहिता येते. आमच्या १९९४ च्या कागदावर एवढे एक कलम असते, तर पुण्याला गेलेल्या मित्राला त्याच्या दोन वर्षांचे योग्य ते मिळाले असते आणि पाडव्याला तो नुसता मित्र म्हणून आला असता. मात्र असे करार मित्रांनी आपापसांत करून कपाटात ठेवले तर पुरत नाही. शेअर कुणाला विकायचे यावरचे बंधन कंपनीच्या नियमावलीत, म्हणजे आर्टिकल्समध्ये, नसेल तर ते लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ सालीच रंगराज विरुद्ध गोपालकृष्णन या खटल्यात सांगितले आहे. इंटरनेटवरून नमुना उतरवणाऱ्या मुलांना हे कुणी सांगत नाही.

एका बाकावरच्या मित्रांच्या कंपनीत आणखी एक उणीव असते आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. सगळ्यांचे शिक्षण एक, वय एक, आणि सगळ्यांना शिकवलेली भूमिकाही एकच, व्यवस्थापकाची. बेळगावात उद्योगाचा विषय निघाला की किर्लोस्करांचे नाव येतेच. १८८८ साली याच गावात त्यांच्या सायकलच्या दुकानाने सुरुवात केली. लक्ष्मणराव मुंबईला शिकवण्याचे काम करत सायकली पाठवायचे आणि थोरले बंधू रामुअण्णा इथे त्या विकायचे व लोकांना चालवायला शिकवायचे, अशी कामाची वाटणी होती आणि थोरला-धाकटा हे नातेही होते. भावांच्या धंद्यात भांडणे होत नाहीत असे नाही, पण शेवटचा शब्द कुणाचा हे घराने बहुधा ठरवलेले असते. मित्रांमध्ये तो कुणाचाच नसतो आणि मैत्रीत तो कुणाचा नसावा हेच शोभते, म्हणून धंद्यापुरता तो लिहून ठरवावा लागतो. इन्फोसिस १९८१ साली एकाच कंपनीत काम केलेल्या सात जणांनी सुरू केली, त्यातील एक जण काही वर्षांतच बाहेर पडले, तरी कंपनी उभी राहिली. बाहेर पडण्याची वाट मोकळी ठेवल्याने धंदा मोडत नाही, हे त्यावरून मुलांना समजावून सांगता येते.

भाच्याच्या मंडळींत दोघांचे मार्केटिंग झाले आहे आणि दोघांचे फायनान्स. डब्ल्यू २४० आणि डब्ल्यू ३२० या काजूगराच्या दर्जांतील आकडा म्हणजे एका पौंडात साधारण किती अख्खे गर बसतात, हे चौघांना तोंडपाठ आहे. पण बी वाफवणे, कापणे, सुकवणे, साल काढणे आणि गर निवडणे ही कामे करणाऱ्या बायका सकाळी येतील तेव्हा शेडचे कुलूप कोण उघडणार, असे विचारल्यावर एकही हात वर आला नाही. काजूबीचा हंगाम साधारण मार्च ते मे एवढाच असतो. वर्षभर पुरेल इतकी बी त्या तीन महिन्यांत शेतकऱ्याला पैसे मोजून घ्यावी लागते, तिच्यावरचा वस्तू व सेवा करही खरेदीदारालाच भरावा लागतो, आणि गर विकून पैसे हळूहळू वर्षभर येतात. ज्याच्या घरी पैसे आहेत तो मित्र पहिल्या मे महिन्यात आणखी पाच लाख घालील आणि बाकीचे तिघे घालू शकणार नाहीत. त्या पाच लाखांना कर्ज मानायचे की त्याचा हिस्सा वाढवायचा, हे मार्चच्या आधी ठरले नाही तर जूनमध्ये त्यावरून मने कलुषित झाल्याशिवाय राहणार नाहीत.

आता भाषेचा मुद्दा, ज्यासाठी मी मुख्यतः हे पत्र लिहायला घेतले. आपल्या भागात कंपनीचे कागद इंग्रजीत होतात, सरकारी कचेऱ्यांतील पुष्कळसे व्यवहार कन्नडमध्ये चालतात, आणि ज्यांच्या जमिनी व घरे तारण जातात ते आई-वडील बऱ्याचदा फक्त मराठी वाचणारे असतात. मुलगा "इथे सही करा" म्हणतो आणि वडील विश्वासाने सही करतात. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे, करारात वेगळे काही नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते; म्हणजे कंपनी मर्यादित जबाबदारीची असली तरी मुलाने आणि वडिलांनी जामीनदार म्हणून केलेली सही ती मर्यादा त्यांच्यापुरती पुसून टाकते. हे वाक्य मराठीत त्यांच्यापुढे असते, तर माझ्या वडिलांनी निदान एक रात्र विचार केला असता. भागीदारीचा किंवा आपापसांतील करार इंग्रजीतच हवा असे कोणताही कायदा सांगत नाही. सरकारकडे दाखल करायचा कागद इंग्रजीत होईल, तो होऊ द्या. पण मूळ मसुदा आपल्या भाषेत लिहावा, घरी मोठ्याने वाचावा आणि मगच त्याचे इंग्रजी करून घ्यावे. निपाणीच्या मित्राचे शालेय शिक्षण कन्नड माध्यमातून झाले असल्याने त्याच्यासाठी कन्नड प्रतही करावी, असे मी सुचवले आणि सर्वांना ते पटले. जे आपल्याला आपल्या भाषेत सोपे करून सांगता येत नाही, ते आपल्यालाच नीट कळलेले नसते, असा माझा अनुभव आहे.

सीमेवर राहणाऱ्या मित्रांसाठी एक कलम तर अधिकच लागते. कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय बेळगावात ठेवायचे की सीमेपलीकडे चंदगड तालुक्यात शिनोळीला, हा प्रश्न या चौघांपुढेही आहे. मैत्रीत ही सीमा आपण मानत नाही, पण कार्यालय एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यायचे तर पुढे केंद्र सरकारची परवानगी घ्यावी लागते, आणि एकाच कंपनीच्या दोन राज्यांतील शेडमध्ये माल हलवला तरी कराच्या हिशेबात तो दोन वेगळ्या व्यक्तींमधील व्यवहार धरला जातो. तेव्हा हे ठिकाण कुणाच्या घराला जवळ आहे यावरून ठरवू नये.

या निमित्ताने आपल्याला आणि आपल्या भागातील व्यवस्थापन महाविद्यालयांना माझी विनंती आहे. महाविद्यालयांत धंद्याची कल्पना कशी मांडावी, गुंतवणूकदारापुढे कसे बोलावे, याच्या स्पर्धा होतात आणि त्या व्हाव्यातच. त्यासोबत ज्यांची भागीदारी मोडली अशा एखाद्या लघुउद्योजकाला वर्षातून एकदा वर्गात बोलवावे. बोलावल्यास मी माझी रोजकीर्द घेऊन येईन. आणि आपल्या दैनिकाने एखाद्या जाणत्या सनदी लेखापालाकडून व वकिलाकडून मित्रांच्या करारातील कलमे सोप्या मराठीत लिहून घेऊन क्रमाने छापावीत. असा नमुना कात्रण म्हणून ठेवण्यासारखा होईल आणि तो मुलांइतकाच त्यांच्या आई-वडिलांच्याही उपयोगी पडेल.

भाचा आणि त्याचे मित्र गेले दोन रविवार माझ्या घरी बसून एका लांब वहीत करार लिहीत आहेत. आजवर अकरा कलमे झाली आहेत. शेडचे कुलूप पहिले वर्ष चंदगडची मुलगी उघडणार आणि त्याबद्दल तिला नफ्याची वाट न पाहता दरमहा पगार मिळणार, असे तिसऱ्या कलमात लिहिले गेले आहे. बँकेला जामीन कुणाच्या घरचे राहणार आणि तो जामीन सोडवण्याची जबाबदारी बाकीच्यांनी कशी उचलायची, या बाराव्या कलमावर मात्र ते अडले आहेत. येत्या रविवारी चौघांचे आई-वडीलही येणार आहेत. ते कलम सर्वांच्या समक्ष पक्के झाले की, मुलांच्या संमतीने आणि नावे वगळून, त्याची प्रत मी आपल्याकडे पाठवीन.

आपला नम्र,
एक लघुउद्योजक वाचक
उद्यमबाग, बेळगाव